गाठीला लोखंड लागू नये

चंद्रभानच्या औषधाबद्दल मला कुणी विचारलं की मी विषय बदलते. कंटाळा आलाय त्याचा. रुख्माबाईबद्दल मात्र कुणी विचारत नाही, म्हणून तिचं सांगते. ती चंद्रभानची बायको. औषध तो द्यायचा असं सगळे म्हणत, पण वाटायची ती.

मी तेव्हा आर्वी तालुक्यातल्या एका गावी जनपद सभेच्या दवाखान्यात नर्स होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. डॉक्टर दर मंगळवारी आर्वीहून यायचे, म्हणजे यायचे असं ठरलेलं होतं. उरलेले दिवस मीच. वर्ध्याची बामणाची विधवा, नागपूरला शिकलेली, तोंडाची फटकळ, अशी माझी गावात कीर्ती होती आणि ती काही खोटी नव्हती. सगळे 'नर्सबाई' म्हणत. शरयू हे नाव हजेरीच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

माझ्याकडे दिवसाला दहा माणसं आली तर डोक्यावरून पाणी. चंद्रभानकडे दर आयतवारी शंभर. गाठीवरचं औषध द्यायचा तो. त्याच्या बापाला कुणा बैराग्याने सांगितलेलं. एक रानातलं मूळ, बिब्ब्याचं तेल आणि चुना. मुळाचं नाव घरातच ठेवलेलं. पैसा घ्यायचा नाही. पळसाच्या पानावर लेप द्यायचा, तो गाठीवर लावायचा, आठ दिवसांनी पुन्हा यायचं, आणि बरं वाटलं की एक नारळ आणून त्याच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायचा. एकच पथ्य होतं, पण कडक. औषध चालू असेपर्यंत गाठीला लोखंड लागता कामा नये. चाकू नाही, सुई नाही, इंजेक्शनसुद्धा नाही. लोखंड लागलं की औषधाचा गुण गेला आणि गाठ उलटली.

आता या पथ्यापुढे मी काय डोंबल करणार? मी लोखंडाची बाई. माझ्या तबकात दुसरं असतंच काय?

बरं, माणूस लबाड असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. चंद्रभान तसा नव्हता. पाच एकराची कपाशी करायचा, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. आयतवारी सकाळी आंघोळ करून अंगणात बसायचा ते दुपारी उन्हं कलेपर्यंत, पोटात पाण्याचा थेंब नाही. पैसा घेत नाही म्हणूनच लोकांचा विश्वास, आणि लोकांचा विश्वास म्हणून त्याचाही. गळवं बरी व्हायची. बिब्ब्याने कातडी भाजायची, गळू फुटायचं, पू निघून जायचा, नारळ यायचा. गळू लेप न लावताही फुटलंच असतं, हे मी कुणाला सांगायला गेले की लोक माझ्याकडे दयेने बघायचे.

रुख्माबाई शनिवारी वाटायला बसायची. हाताला खोबऱ्याचं तेल चोपडायचं, तोंडावर पदर बांधायचा आणि वरवंटा धरायचा. वाटताना बोलायचं नाही असा नेम होता. तेल लावूनही बिबा उतायचाच. तिच्या दोन्ही हातांची बोटं टोकापर्यंत काळी पडलेली होती. आयतवारी बाप्यांना अंगणात तो पानं द्यायचा आणि बायांना गुरांच्या कोठ्यामागे ती द्यायची. लग्न होऊन आली तेव्हापासून वीस वर्षं हे चाललेलं.

चोपन्न सालचा पौष. भर दुपारी, दवाखान्यात कुणी नाही असं पाहून रुख्माबाई आत आली आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, बोटांना मलम हवं असेल.

"बाई, हे पाहा जरा," म्हणून तिने चोळीची गाठ सोडली.

डाव्या बाजूला, सुपारीएवढी. मी बोटाने दाबून पाहिली. हलत नव्हती, दुखत नव्हती. दुखत नाही हीच तर अशा गाठीची वाईट खोड.

"लेप लावला का?" मी विचारलं.

"नाई."

"का?"

ती खाली बसली. बराच वेळ बोटं चोळत राहिली. मग म्हणाली, "वीस वर्षं वाटून राह्यली ना बाई मी. देवापुढचे नारळ मीच फोडते. गळवाचे नारळ येते, केसतुड्याचे येते. पन अशी दगडावानी गाठ घेऊन जे जे आले, त्याहिचा नारळ म्या आजपावतो एकबी फोडला नाई. ते मानसं पुन्हा दिसतच नाई."

सांगते, मला त्या दिवशी त्या बाईचा हेवा वाटला. मी तीन वर्षं शिकून जे शिकले ते ही अंगठाबहाद्दर नारळ फोडता फोडता शिकली होती. आणि रागही आला. मी म्हटलं, "मग वीस वर्षं तोंडाला कुलूप का लावून बसलात?"

"कोनाले सांगू? घरात बोललं तं मालकाचा जीव जाईन."

मी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनना चिठ्ठी लिहून दिली. माझ्या शिकायच्या वेळेपासून ते मला ओळखत. तिने ती चिठ्ठी आठ दिवस चोळीत ठेवली आणि मग एकदाची नवऱ्यापुढे धरली. काय बोलली कोण जाणे. इतकंच कळलं की चंद्रभान लहान लेकरासारखा रडला. आणि एवढा लोखंडाचा पथ्यवाला माणूस, पण बायकोला लेप लाव असं त्याच्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी गावात सांगितलं, रामटेकला नवस फेडायला जातो. बैलगाडीने आर्वी, आर्वीहून पुलगावची लहान गाडी, पुढे मोठ्या गाडीने नागपूर. माघात ऑपरेशन झालं. अख्खी डावी बाजू काढली, काखेपर्यंत.

परत आली ती फाल्गुनात. टाके काढलेले होते, पण एका टोकाला जखम ओली होती. दुपारी मागच्या दाराने माझ्याकडे येऊन पट्टी बदलून घ्यायची. पहिल्याच दिवशी तिने माझा हात धरला. "बाई, हे तुमच्यापाशी. माह्या मालकाच्या अब्रूची गोष्ट हाय. पोरीचंही जमवायचं हाय यंदा." मी हो म्हटलं. तसंही दवाखान्यात एकीची गोष्ट दुसरीला सांगायची नाही, असंच आम्हाला शिकवलं होतं. तेव्हा मला ते फार बरोबर वाटलं.

चोळीत भरायला मी तिला एक उशी शिवून दिली. कापसाला काय तोटा? पण नुसता कापूस वर सरकायचा, म्हणून वजनाला तिने त्यात मूठभर ज्वारी घातली. दोन महिन्यांनी ज्वारीत सोंडे झाले. मग वाळू घातली. आम्ही दोघी त्या सोंड्यांवरून इतकं हसलो की तिला टाक्यांच्या जागी कळ आली. ती हसलेली मला तेवढी एकदाच आठवते.

पण गावात गोष्ट लपते कुठे? शकुबाई तिची शेजारीण, नदीवर सोबत धुणं धुणारी. तिने पौषात ती गाठ पाहिलेली होती. चैत्रात तिने विचारलं, "कावं रुख्मे, ते गाठ?" रुख्माबाई म्हणाली, "गेली."

तेवढा एक शब्द. त्यात खोटं काही नव्हतं. पण महिनाभरात पार कारंज्यापर्यंत बोभाटा झाला, की चंद्रभानने सख्ख्या बायकोची गाठ घालवली, बिना लोखंडाची. कुणी त्याच्या पाया पडलं की तो नुसते हात जोडायचा. नाही म्हणायचा नाही, हो म्हणायचा नाही. आयतवारी गाड्या दुप्पट झाल्या. शनिवारी रुख्माबाई एक पाटाभर लेप वाटायची तिथे दोन पाटे वाटू लागली, त्याच खांद्याने.

मी एकदा म्हटलं, "हे काय चाललंय?" ती म्हणाली, "थांबवते बाई. पोरीचं जमू द्या."

आषाढात आनंदाबाई आली. माणिक शिंप्याची बायको, पस्तिशीची, पदरी दोन मुली. माणिक बाप्यांचं शिवायचा, ती बायांचं. चोळी अंगाला अशी बसायची की आर्वीहून बायका कापड पाठवायच्या. माझी तिच्याशी मैत्री होती. गावात मला 'तुम्ही जेवल्या का' असं विचारणारी ती एकटीच.

तिला गाठ. उजवीकडे, बोराएवढी. मी म्हटलं, "उद्याच्या उद्या नागपूरला जा. मी चिठ्ठी देते."

"कापते ना तिथं?"

"कापतात. पण वाचवतात."

"मंग रुख्माबाईची कशी गेली बिना कापल्याची?" ती हसून म्हणाली. "मी तिच्याकडूनच घेऊन राह्यली औषध. कालच पान आनलं."

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. मी ते गिळलं आणि वर तिच्यावर ओरडले, अडाणी आहात, मरायचंय का, म्हणून. लोकांवर ओरडणं मला सोपं जायचं. ती बिचारी माझी समजूत घालून गेली. "रागावू नोका बाई. गुन नाई आला तं जाईन नागपूरले."

त्या दिवसापासून मी रुख्माबाईच्या मागे लागले. तिला म्हटलं, एका आनंदाबाईला सांगा, बाकी जग गेलं उडत. ती म्हणायची, सांगते, पोळा होऊ द्या. पोळा झाला. सांगते, दसरा होऊ द्या, पाहुणे पोरीले पाहून जाऊन राह्यले. दसरा झाला, पोरीचं जमलं, दिवाळीही झाली. दर आयतवारी आनंदाबाई कोठ्यामागे रांगेत उभी राहायची आणि रुख्माबाई तिच्या हातावर पान ठेवायची. मी तिच्यावर इतकी चिडले होते की वाटेत दिसली तर तोंड फिरवायची. मला तरी कुणी बांधून ठेवलं होतं? पण मी वचनाचं नाव पुढे करत राहिले. मनात म्हणायची, ही बाई सांगत नाही, हिला पाप लागेल.

कार्तिकात एका शुक्रवारी आनंदाबाई माझ्याकडे पट्टी मागायला आली. चेहऱ्यावर आनंद. "बाई, फुटली. आता भायेर पडून राह्यली. रुख्माबाई म्हने, लुगड्याले डाग पडते, म्हनून पट्टी पायजे."

मी कापड उचललं. वर्णन करत नाही. बिब्ब्याने कातडी जळून गेली होती आणि खालची गाठ उघडी पडली होती. गळवासारखा पू नव्हता. काखेत हात घातला तर तिथे आणखी तीन. मी पट्टी बांधली, तिला घरी पाठवलं आणि चप्पल घालून तडक चंद्रभानच्या घरी गेले. तो शेतावर होता. रुख्माबाई ज्वारी पाखडत होती.

मी म्हटलं, "वीस वर्षं वाटलंत. लावल्यावर काय होतं ते कधी पाहिलंय? मी आत्ता पाहून आले."

तिने सूप खाली ठेवलं. मी तशीच परत फिरले.

आयतवारी मी कोठ्यामागे गेले. कशाला गेले ते माझं मलाच माहीत नाही. चाळीसेक बाया होत्या, मध्ये आनंदाबाई. रुख्माबाई पाटा पुढ्यात घेऊन बसलेली. पहिल्या बाईने हात पुढे केला तर तिने पान दिलंच नाही. उभी राहिली, चोळीत हात घातला, ती वाळूची उशी काढून पाट्यावर ठेवली आणि चोळी सोडली.

"पाहा. माही गाठ औषधानं नाई गेली. नागपूरले कापून काढली. दगडावानी गाठ असन त्यानं इथं येऊ नोका, नागपूरले जा."

मग शकुबाई पुढे झाली, तिने त्या सपाट छातीकडे पाहिलं आणि हात जोडले. "पाहा वं बायांनो. मुयासकट नेली मायनं. काईच ठेवलं नाई."

"अवं, कापली म्हनून राह्यली मी," रुख्माबाई म्हणाली.

"मोठेपना नोको म्हनून तसं बोलते ते," मागची एक म्हातारी बोलली. आणि खरं सांगू, त्यांचं तरी काय चुकलं? लेपाने मांस गळून पडतं हे प्रत्येकीने पाहिलेलं. इथे तर सगळंच गळून गेलेलं आणि वर बाई जिवंत. यापरता दाखला कुठला? दोन-तीन जणी तिच्या पायाला हात लावायला वाकल्या. रुख्माबाई तिसऱ्यांदा तेच म्हणाली. मी भिंतीला टेकून उभी होते.

तेवढ्यात आनंदाबाई रांग सोडून पुढे आली. तिने वणावर बोट ठेवलं आणि काखेपासून खालपर्यंत हळूहळू फिरवलं. वणाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक ठिपके होते. ती ते मोजत गेली.

"हे सुईचं काम हाय," ती म्हणाली. "टाका सारखा नाई, पन टाकाच हाय. चवदा." मग बायांकडे वळून म्हणाली, "लोखंड लागलं हाय वं हिले. सुई लागली हाय."

शिंपिणीच्या शब्दावर कोण बोलणार? बाया एकेक करून निघून गेल्या. चंद्रभान अंगणातून सगळं ऐकत होता. तो उठला, पाटा-वरवंटा उचलून कोठ्यात नेऊन ठेवला आणि गव्हाणीपाशी जाऊन बसला. त्याने पुन्हा औषध दिलं नाही. गावाने दोष रुख्माबाईला दिला. तिनेच घरात लोखंड आणलं आणि पिढीजात विद्या बुडवली म्हणे. पुढच्या उन्हाळ्यात दोन कोसांवरच्या गावात दुसरा एक जण लेप देऊ लागला आणि गाड्या तिकडे वळल्या.

मंगळवारी आम्ही आनंदाबाईला नागपूरला नेलं. माणिक, मी आणि रुख्माबाई. सर्जननी तपासलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "पाच महिन्यांपूर्वी का आणलं नाही?" मी म्हटलं, अडाणी लोक आहेत, लेप लावत बसले. त्यांनी मान हलवली. कापण्यासारखं आता राहिलं नव्हतं. मुंबईला रेडियमचा शेक मिळतो, पण फुप्फुसात उतरलंय तिथे त्याचाही उपयोग नाही, म्हणाले. आम्ही परत आलो.

ती पुढच्या श्रावणापर्यंत होती. पट्टी रोज बदलावी लागायची. मी सकाळी जायची, आणि मी जायच्या आधी रुख्माबाई तिथे हजर. पाणी उकळून ठेवायची, चिंध्या धुवायची, वास यायचा तरी तोंडाला कधी पदर लावला नाही. पुढेपुढे पट्टी तीच बांधू लागली. त्या काळ्या बोटांनी. आनंदाबाई तिला कधी एका शब्दाने बोलली नाही. ज्येष्ठापर्यंत हातात जोर होता तोवर बसून बसून तिने रुख्माबाईला एक चोळी शिवून दिली. डावीकडे आतून कापसाचे थर घालून टाचलेली, वजनाला मधे शिसाच्या गोळ्या. तशी चोळी मी पुढे कुठे पाहिली नाही.

आषाढातली गोष्ट. मी पट्ट्यांच्या घड्या घालत होते. रुख्माबाई जखम धूत होती. आनंदाबाई छताकडे पाहत म्हणाली, "रुख्माबाई, तुमचं कवा कापलं वो?"

"माघात."

आनंदाबाई बोटांवर मोजू लागली. माघ, फाल्गुन, चैत्र. आषाढावर अंगठा थांबला. "म्हनजे मी पयल्यांदा पान न्यायले आली, तवा तुमचं होऊन गेलतं."

"हो," रुख्माबाई म्हणाली.

"तुमीच देल्लं ते पान."

"मीच देल्लं. म्याच वाटलं होतं."

माझ्या हातातली घडी मी उलगडली आणि पुन्हा घातली.

"अजून कोनाले माहीत होतं?" आनंदाबाईने विचारलं.

रुख्माबाईने वर पाहिलं नाही. चिंधी पिळत म्हणाली, "मले अन् माह्या मालकाले. तिसऱ्या कोनाले नाई."

आनंदाबाईने माझ्याकडे मान वळवली. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल फक्त माया होती, आणि ती मला आजही सहन होत नाही. ती म्हणाली, "बाईले माहीत असतं तं बाईनं सांगतलं असतं मले. नाई बाई?"

मी हो म्हटलं.